बिघाड तेलाचा की काचेचा?

कॅमेऱ्याच्या लेन्सची फोकसची रिंग जड फिरू लागली, आतली काच धुरकट दिसू लागली, की ‘जुनी झाली आता’ असे म्हणून ती कपाटाच्या वरच्या कप्प्यात जाते. हा निकाल देताना दोष वयाला दिला जातो आणि तिथेच गणित चुकते. पितळ, ॲल्युमिनियम आणि काच यांच्या दृष्टीने चाळीस-पन्नास वर्षे म्हणजे ऐन तारुण्य. जिचा फोकस आणि जिचे ॲपर्चर दोन्ही हाताने फिरवून लावायचे, अशा मॅन्युअल लेन्समध्ये वयाने हमखास खराब होणारी वस्तू खरे तर एकच असते, ती म्हणजे ग्रीस. बाकीचे बहुतेक नुकसान होते ते लेन्स कपाटात पडून राहिल्याने. म्हणून माझे म्हणणे असे की जळगाव-धुळ्याकडच्या घरांत आणि बंद पडलेल्या स्टुडिओंत ज्या लेन्स ‘गेल्या’ म्हणून पडून आहेत, त्यांतल्या अनेक गेलेल्या नाहीत. त्यांचे तेल गेले आहे. तेल गेलेली लेन्स आणि काच गेलेली लेन्स यांतला फरक ओळखता आला, तर दुरुस्ती करायची का, कुठे करायची आणि त्यासाठी किती पैसे मोजायचे, या तिन्ही प्रश्नांचा निकाल तिथेच लागतो.

या लेन्स खानदेशात आल्या कशा, हे आधी पाहिले पाहिजे. 1991 पूर्वी आयातीवर कडक बंधने होती. घराघरांत दिसे तो बडोद्याला तयार होणारा ॲग्फा क्लिक थ्री. त्याच्या लेन्सला फिरवण्यासारखे फारसे काही नव्हतेच. धंदा करणाऱ्या छायाचित्रकाराला मात्र बदलता येणाऱ्या लेन्सचा कॅमेरा लागे. मग कोणाकडे रशियन झेनिट आणि तिच्यावरची हेलिओस, कोणाकडे पूर्व जर्मनीची प्राक्टिका आणि तिची पेंटाकॉन, तर ऐपत किंवा ओळख असलेल्याकडे जपानी याशिका, पेंटॅक्स, निकॉन असे. पेंटॅक्स के1000 हा कॅमेरा 1976 ते 1997 अशी एकवीस वर्षे निघत होता; निकॉनचा एफएम2 1982 मध्ये आला. लग्नसराईत हे कॅमेरे गावोगाव फिरले, शाळांच्या गटचित्रांपासून साखरपुड्यांपर्यंत सगळे त्यांनी टिपले आणि डिजिटल आल्यावर चामडी खोळीत घालून ठेवून दिले गेले. खानदेशाला छायाचित्रणाची याहून मोठी परंपराही आहे. चाळीसगावच्या केकी मूस (1912–1989) यांनी आयुष्यातली जवळजवळ पन्नास वर्षे रेल्वे स्टेशनाजवळच्या आपल्या घराबाहेर क्वचितच पाऊल टाकले आणि टेबलावर मांडलेल्या साध्यासुध्या वस्तूंमधून डोंगर, वाटा, रात्री उभ्या केल्या. टेबलटॉप छायाचित्रणात विषय हाताच्या अंतरावर असतो. इतक्या जवळून स्पष्टतेचा पट्टा काही मिलिमीटरचाच राहतो आणि रिंग केसभर सरकली तरी चित्र बदलते. हाताच्या बोटांना काचेची जागा जाणवणे म्हणजे काय, हे अशा कामात कळते. मॅन्युअल लेन्सची सगळी किंमत या जाणवण्यात आहे, आणि ग्रीस सुकले की पहिल्यांदा जाते तीच.

लेन्सच्या आत डोकावले तर यंत्र अगदी साधे आहे. हेलिओस-44 चेच घ्या: 58 मिलिमीटरची लेन्स, चार गटांत बसवलेल्या सहा काचा, ॲपर्चरची पोलादी पाती आणि एकमेकींत फिरणाऱ्या धातूच्या नळ्या. या नळ्यांवर आटे पाडलेले असतात. रिंग फिरवली की आट्यांवरून काचांचा गट पुढे-मागे सरकतो. साधारण 50 मिलिमीटरच्या लेन्समध्ये अनंतापासून हातभर अंतरावर येईपर्यंत हा प्रवास असतो जेमतेम सात-आठ मिलिमीटरचा. एवढ्याशा अंतरासाठी रिंगला अर्ध्याहून अधिक फेरा मिळतो, म्हणून बोटांना बारीक नियंत्रण करता येते. बाटलीच्या झाकणाला एकच आटा असतो. इथे अनेक आटे शेजारी शेजारी कापलेले असतात, त्यामुळे नळी दुसरीत घालण्याच्या जागाही अनेक होतात. त्यांतली एकच बरोबर. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे ती महत्त्वाची ठरणार आहे. यात मोटर नाही, वायर नाही, चिप नाही. तुटण्याजोगा सुटा भाग क्वचितच असतो, आणि म्हणूनच कंपनीने पार्ट बनवणे बंद केले तरी लेन्स अडत नाही. आजच्या ऑटोफोकस लेन्समध्ये चिंचोळी लवचिक केबल तुटली तर कंपनीचाच पार्ट लागतो, तो मिळाला नाही तर हजारोंची वस्तू शोभेची होते. दुरुस्तीच्या बाबतीत जुने नव्याला भारी पडते ते इथे.

आता खानदेशची हवा. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात 45 अंशांपलीकडे जातो, आणि पत्र्याच्या छपराखालच्या खोलीतले लोखंडी कपाट त्याहूनही तापते. ग्रीस म्हणजे साबणासारख्या घट्ट पदार्थात धरून ठेवलेले तेल. वर्षानुवर्षे असे तापले की तेल सुटते, पातळ होऊन पसरते आणि मागे राहतो तो वाळलेल्या मलमासारखा गोळा. रिंग जड होते ती या गोळ्यामुळे. सुटलेले तेल जाते कुठे? ते ॲपर्चरच्या पात्यांवर जाऊन बसते. एकमेकांवर टेकलेली पातळ पाती तेलाने चिकटतात. फिल्मच्या एसएलआर कॅमेऱ्यात शटर उघडण्याआधी डोळ्याचे पाते लवते न लवते तोच ती मिटावी लागतात. चिकटलेली पाती वेळेत मिटत नाहीत, जादा उजेड आत जातो आणि फोटो पांढरे पडतात. दोष वाटतो कॅमेऱ्याचा, असतो ग्रीसचा. त्यातही एक बारकावा आहे. हीच लेन्स ॲडॅप्टर लावून आजच्या मिररलेस कॅमेऱ्यावर चढवली, तर ॲपर्चर आधीच हाताने लावलेले असते, क्षणात मिटण्याची गरजच उरत नाही. म्हणजे फिल्म कॅमेऱ्यासाठी नादुरुस्त ठरलेली लेन्स दुसऱ्या कॅमेऱ्यावर बिनतक्रार चालू शकते. ‘बिघडली’ हा शब्द कोणत्या कामासाठी, हे विचारल्याशिवाय वापरू नये.

काचेचे दुखणे वेगळे, आणि ते पावसाळ्यात येते. जळगावला पाऊस वर्षाला साधारण 700 मिलिमीटर, म्हणजे कोकणच्या मानाने काहीच नाही. त्यामुळे ‘आपल्याकडे कुठे दमट हवा’ असा समज पसरला आहे. पण बुरशीला पाऊस मोजता येत नाही, तिला कोंदलेली ओल पुरते. हवेतली आर्द्रता 70 टक्क्यांच्या आसपास टिकली, जागा अंधारी असली आणि काचेवर बोटांचा तेलकटपणा किंवा धुळीचा कण असला की बुरशीचा बीजाणू रुजतो. श्रावण-भाद्रपदात बंद कपाटातली चामडी खोळ हे तिन्ही पुरवते. चामडे ओल धरून ठेवते आणि स्वतःही बुरशीचे खाद्य असते. पुढे काय होते हे रावेर-यावलच्या केळी उत्पादकाला वेगळे सांगायला नको. केळीवरचा करपा ही बुरशीच. फवारणी केली की तो पसरायचा थांबतो, पण करपलेले पान पुन्हा हिरवे होत नाही. लेन्सचेही तसेच आहे. काचेवरचे कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पुसून काढता येतात. त्या तंतूंनी सोडलेल्या आम्लाने काचेवरचा प्रतिबिंबरोधक थर खाल्ला असेल तर ती नक्षी कायमची. म्हणून बुरशीच्या बाबतीत प्रश्न ‘जाईल का’ असा नसतो, ‘किती दिवसांची आहे’ असा असतो.

इथे एका घरगुती उपायाची दखल घ्यायला हवी, कारण तो आपल्याकडे हमखास सांगितला जातो: पापड-कुरडयांसारखी लेन्सलाही ऊन दाखवा. उन्हाने ओल जाते आणि बुरशीची वाढ मंदावते, इतके खरे. पण मेलेले तंतू काचेवरच राहतात, आणि मेच्या उन्हात तापलेली नळी आतल्या ग्रीसचे आणखी पाणी करते. एका दुखण्यासाठी दुसरे विकत घेण्याचा हा प्रकार. शिवाय लेन्स हे भिंगच आहे, उघड्यावर ठेवलेल्या लेन्सने खालचे कापड पेटू शकते. गंमत अशी की एका विशिष्ट दोषावर मात्र ऊन हेच औषध आहे. 1960-70 च्या दशकांतल्या काही लेन्समध्ये, उदाहरणार्थ पेंटॅक्सच्या 50 मिलिमीटर एफ/1.4 सुपर टाकुमारमध्ये, थोरियम मिसळलेली काच वापरलेली आहे. तिच्या किरणोत्सारामुळे काच हळूहळू चहासारखी पिवळी पडते आणि अतिनील किरणांत बरेच दिवस ठेवली की पुन्हा निवळते. ती किरणे खानदेशात फुकट मिळतात. फक्त धातूची नळी चांदीच्या कागदात गुंडाळून, काच तेवढी उघडी ठेवून, सकाळच्या कोवळ्या उन्हात हे करायचे.

निदान घरच्या घरी होते, त्याला अवजार लागते ते एक टॉर्च. ॲपर्चर पूर्ण उघडे ठेवून लेन्सच्या मागून प्रकाश टाकायचा आणि पुढून तिरके बघायचे. विखुरलेले ठिपके म्हणजे धूळ. तिची काळजी करू नये, फोटोत ती दिसत नाही. समोरच्या काचेवर एखादा ओरखडा असेल तर तोही लोक समजतात तितका घातक नसतो. झाडाच्या फांद्यांसारखे पसरलेले तंतू म्हणजे बुरशी. काचभर दुधासारखा पडदा दिसला तर ते बहुधा ग्रीसमधून उडालेल्या तेलाचे धुके, आणि ते पुसले जाते. कडेने इंद्रधनुषी किंवा पांढरट डाग आत सरकताना दिसला तर दोन काचांना जोडणारा डिंक सुटतो आहे. हे काचेचे दुखणे. मग ॲपर्चरची रिंग फिरवून पात्यांवर ओलसर चकाकी आहे का ते पाहावे. शेवटी कॅमेऱ्यावर लावून फोकस अनंतावर नेऊन दूरचा डोंगर बघावा. धुळेकरांना त्यासाठी लळिंगचा किल्ला आहे, यावल-रावेरकडच्यांना सातपुडा. अनंतावर डोंगराची कड तीक्ष्ण येत नसेल, तर लेन्स आधी कुणीतरी उघडून चुकीची बसवली असण्याची दाट शक्यता असते.

कारण दुरुस्तीतली सगळ्यात मोठी चूक नेमकी तीच. वर म्हटलेल्या नळ्या वेगळ्या करताना त्या कोणत्या बिंदूवर सुटल्या याची खूण केली नाही, तर परत बसवताना दहा जागांतली कोणती खरी हे शोधत बसावे लागते. जाणता कारागीर सुईच्या टोकाने धातूवर रेघ मारतो, किंवा हल्ली मोबाइलवर प्रत्येक पायरीचा फोटो काढतो. दुसरी चूक स्क्रूंची. जपानी लेन्सचे अधिक-चिन्हाचे स्क्रू आपल्या बाजारात मिळणाऱ्या नेहमीच्या स्क्रू ड्रायव्हरच्या मापाचे नसतात, खाचेचा कोन थोडा निराळा असतो. चुकीचा ड्रायव्हर लावून जोर केला की डोके खाल्ले जाते, आणि मग साधे काम ड्रिलवर येते. काचा धरून ठेवणारी कडी काढायला दोन टोकांचा पाना लागतो. तो निसटला तर थेट काचेवर ओरखडा. उघडल्यावरचे काम मात्र चिकाटीचे आहे, जादूचे नाही: जुने ग्रीस धुऊन काढणे, पाती स्पिरिटने कोरडी करणे, आट्यांना योग्य घट्टपणाचे नवे ग्रीस अगदी थोडे लावणे. इथे ‘थोडे’ या शब्दावर भर आहे. शिवणयंत्राचे तेल सोडून रिंग मोकळी करणाऱ्याला आठ दिवस शाबासकी मिळते आणि मग ते तेल पात्यांवर उतरते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: हे नाजूक काम, ते मुंबईलाच पाठवावे. फोर्टातल्या बोराबाजारच्या बाजूला कॅमेऱ्यांचा बाजार आहे, तिथे जन्मभर हेच केलेले हात आहेत. जळगावहून मुंबई रेल्वेने सव्वाचारशे किलोमीटर, धुळेकराला चाळीसगावपर्यंतच्या 56 किलोमीटरच्या फाट्याची भर. काचेच्या दुखण्यासाठी हा सल्ला मला शंभर टक्के मान्य आहे. डिंक सुटलेल्या काचा वेगळ्या करून पुन्हा जोडणे, काचांचे केंद्र जुळवणे, ही कामे ज्याच्याकडे उपकरण आहे त्यानेच करावीत. पण जड रिंग आणि चिकटलेली पाती हे काम चष्म्याच्या काचेपेक्षा घड्याळाच्या यंत्राच्या जवळचे आहे. बारीक स्क्रू न खाता काढणे, भाग ज्या क्रमाने निघाले त्याच्या उलट बसवणे, तेलाचा थेंब मोजून देणे हे घड्याळजीला नवीन नाही. जळगावच्या सराफ बाजारात डोळ्याला भिंग लावून दिवसभर बसणारे कारागीर आहेत. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतले सूक्ष्मदर्शक, पॅथॉलॉजीवाल्यांचे सूक्ष्मदर्शक, पाटबंधारे आणि रस्त्यांच्या मोजणीतल्या डंपी लेव्हल आणि थिओडोलाइट या सगळ्यांत हेच आटे, हेच ग्रीस आणि हीच बुरशी असते. निव्वळ कॅमेऱ्याच्या लेन्सवर इथे कुणाचे पोट भरणार नाही, हे उघड आहे. पण उपकरणांची देखभाल हा एक धंदा मानला आणि लेन्स त्यातले एक गिऱ्हाईक, तर गणित बदलते. ‘खानदेशात माणूस नाही’ असे म्हणतो तेव्हा आपण कॅमेऱ्याच्या दुकानाची पाटी शोधत असतो. हात दुसऱ्याच पाटीखाली बसलेले असतात. अर्थात ज्याने कधीच लेन्स उघडलेली नाही त्याला पहिली लेन्स आपली चांगली देऊ नये. मोडकी, काच गेलेली एखादी शिकण्यासाठी द्यावी.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो अधिक वजनदार आहे. दुरुस्तीला जितके लागतील तितक्यात तीच लेन्स जुन्या बाजारात दुसरी मिळते, मग हा खटाटोप कशाला? हा हिशेब वरवर बरोबर दिसतो, पण त्यात एक गोष्ट गृहीत धरली आहे: विकत घेतलेली जुनी लेन्स निरोगी असेल. तीही अशाच एखाद्या कपाटातून आलेली असते आणि तिचे ग्रीसही तितक्याच वर्षांचे असते. म्हणजे तुलना करायची ती दुरुस्त लेन्सची, दुरुस्त करून विकलेल्या लेन्सशी. ती स्वस्त नसते. उलट बाजूही सांगितली पाहिजे. काच खाल्लेली, बाजारात ढिगाने मिळणारी साधी झूम लेन्स असेल तर तिच्यावर रुपया घालू नये. तिथे दुरुस्तीचा आग्रह हा हट्ट आहे.

तिसरा आक्षेप तरुणांचा: खिशात मोबाइल असताना लेन्स हवीच कशाला? ज्याला नको त्याला नकोच. धावत्या लग्नाचे काम करणाऱ्याला ऑटोफोकस लागतो, त्याला मॅन्युअल लेन्सचे गुण ऐकवणे म्हणजे बैलगाडीची थोरवी ट्रॅक्टरवाल्याला सांगणे. पण ज्या विद्यार्थ्याने किंवा छोट्या व्यावसायिकाने मिररलेस कॅमेऱ्याची बॉडी घेतली आहे आणि मोठ्या ॲपर्चरची नवी लेन्स परवडत नाही, त्याच्यासाठी घरातली जुनी लेन्स ही खरी मिळकत आहे. कारण मोजमापाचे आहे. हेलिओस ज्या 42 मिलिमीटरच्या आट्याच्या माउंटवर बसते, त्याला माउंटपासून फिल्मपर्यंत 45.46 मिलिमीटर अंतर लागते. सोनीच्या ई-माउंटमध्ये ते अंतर 18 मिलिमीटरच आहे. उरलेले 27.46 मिलिमीटर भरून काढायला पोकळ धातूचे एक कडे पुरते, त्यात काच लागत नाही. निकॉनच्या जुन्या एफ-माउंटचे अंतर मात्र 46.5 मिलिमीटर, म्हणजे हेलिओसच्या गरजेपेक्षा जास्त. त्यामुळे निकॉनच्या डीएसएलआरवर ती लावली तर दूरचा डोंगर कधीच स्पष्ट येणार नाही. ॲडॅप्टर घेण्याआधी हा आकडा पाहावा, नाहीतर दोष पुन्हा बिचाऱ्या लेन्सच्या माथी.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी 24 डिसेंबरला त्याचे पोर्टल सुरू केले. त्यात भर आहे तो शेतीची यंत्रे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने यांवर. चांगलेच आहे. पण मॅन्युअल लेन्सला हा हक्क कुणी द्यावा लागत नाही. तो तिच्या बांधणीतच आहे. तिला लागते ते उघडायला धजणारे आणि खूण करून ठेवणारे माणूस, आणि दाखवायला तयार असलेला मालक.

मृग लागतो 7-8 जूनला. त्याआधीच्या आठवड्यात कपाटातली लेन्स खाली काढा, चामडी खोळ टाकून द्या, मागून टॉर्च मारून आत बघा आणि रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत पन्नास वेळा फिरवा. तंतू दिसले तर ती बाकीच्या लेन्सपासून दूर ठेवा आणि पावसाळ्याआधी मुंबईला पाठवा. काच स्वच्छ असेल आणि रिंग तेवढी जड असेल, तर आपल्या गल्लीतल्या घड्याळजीला एकदा विचारून बघा. मात्र त्याच्या हातात देण्याआधी लेन्सचा चहूबाजूंनी फोटो काढून ठेवा.